वडिलांच्या वाटणीचं पीठ

आमची कंपनी पाणी गाळायचे फिल्टर बनवते. जर्मनीतल्या डार्मश्टाटहून ट्रेननं वीस मिनिटांवर कारखाना आहे आणि कारखान्याच्या मागच्या अंगाला, सायकलींच्या शेडला लागून, तपासणीची प्रयोगशाळा. मी तिथे क्वालिटी इंजिनिअर आहे. मी रुजू झाले त्या सकाळी मला सगळं फिरून दाखवायचं काम जिच्याकडे दिलं होतं, तिच्याबद्दल हे लिहितेय.

ती इक्वेडोरची, डोंगरातल्या एका गावातली. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, बुटकी, पाठीवर एक घट्ट वेणी. ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. फिल्टरमधून पाणी सोडायचं, दाब बघायचा, मिनिटं मोजायची आणि आकडा लिहायचा, हे काम ती इतक्या शांतपणे करायची की तिच्या टेबलापाशी गेलं की माझाही आवाज आपोआप खाली यायचा. माझं जर्मन तेव्हा पुस्तकी होतं आणि तिचंही मोडकंतोडकंच. पण आमचं मोडकं जर्मन एकमेकींना झकास कळायचं. इतरांना दोनदा सांगावं लागे ते तिला अर्ध्यातच समजे.

त्या पहिल्या वर्षी नोव्हेंबरच्या दोन तारखेला तिनं मला पँट्रीत बोलावलं. टेबलावर थर्मास होता आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. थर्मासमधून तिनं दोन कपांत दाट, जांभळं, वाफाळतं पेय ओतलं. जांभळ्या मक्याचं पीठ, काळी आंबट फळं, अननसाचे तुकडे, दालचिनी, लवंग आणि थेट आपल्या गुळासारखा गूळ. फडक्यात पावाची दोन बाळं होती. दुपट्यात गच्च गुंडाळलेल्या तान्ह्या बाळाच्या आकाराची, वर रंगीत साखरेचे डोळे आणि पट्टे.

"आमच्याकडे आज सगळे कबरस्तानात जातात," ती म्हणाली. "गेलेल्या माणसांबरोबर बसून हे पितात आणि हे खातात. मला जाता येत नाही. मग कामावर कुणाबरोबर तरी प्यावं. एकटीनं पिण्याची ही गोष्ट नाही."

तिची आई गेली तेव्हा तिला तिकडे जाता आलं नव्हतं. त्या आईची भाषा वेगळी होती, स्पॅनिश नव्हे. डोंगरातल्या लोकांची जुनी भाषा. पावाच्या बाळाला जो शब्द होता तो त्याच भाषेतला. "शहरात शाळेत गेले तेव्हा आई म्हणाली, तिथे आपली भाषा तोंडातून काढू नकोस," ती म्हणाली. "नाही काढली. आता बोलायला कुणी नाही आणि मलाही अर्धी विसरायला झालीय."

मला तेव्हा काय झालं कोण जाणे. ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं. आम्ही बौद्ध. आमच्या घरचा खरा सण चौदा एप्रिल. त्या दिवशी नाशिकरोडच्या आमच्या वस्तीत सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसायच्या, निळे झेंडे लागायचे, सकाळी वंदना व्हायची, आई पातेलंभर खीर करायची आणि संध्याकाळी मिरवणुकीपुढे अप्पा चालायचे. हे इथे मी बोलत नव्हते. इथल्या मराठी मंडळात कुणी आडनाव विचारून "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" म्हटलं की मी मुलीचं काहीतरी काढून उठायचे. ऑफिसात पहिल्या वर्षापासूनच मला दिवाळी करायला सांगत आणि मी ती करायचे. पणत्या, रांगोळी, सगळं. लोकांना छान वाटायचं.

ती सगळं ऐकून म्हणाली, "मग एप्रिलमध्ये तू खीर आण. आपण दोघी खाऊ."

पुढची चार वर्षं तसंच चाललं. एप्रिलमध्ये माझी खीर, नोव्हेंबरमध्ये तिचं जांभळं पेय. अप्पा गेले, त्यांच्या पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला मी पंधरा दिवस नाशिकला गेले, तेव्हा माझ्या सगळ्या चाचण्या तिनं स्वतःच्या कामावर घेतल्या. आले तर एकही कागद तुंबलेला नव्हता. मी आभार मानायला गेले तर म्हणाली, "पहिलं वर्ष होतं. जायलाच हवं."

पाचव्या वर्षी वसंतात तिचे वडील गेले. या खेपेलाही तिला जाता आलं नाही. मी तिला मिठी मारली, दुपारचा डबा तिच्यासोबत खाल्ला. आणि मग, खरं सांगायचं तर, विसरून गेले.

त्याच उन्हाळ्यात आमच्या कंपनीची मालकी एका अमेरिकन कंपनीकडे गेली. ऑगस्टमध्ये तिकडून ईमेल आला. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या लोकांच्या वारशाचा महिना असतो, प्रत्येक शाखेनं आपल्या सहकाऱ्यांच्या कुटुंबातल्या परंपरा साजऱ्या कराव्यात, फोटो पाठवावेत. विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावलं. ते चांगले गृहस्थ आहेत, कुणाचं वाईट चिंतणारे नाहीत.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "तुझी दिवाळी नेहमीच सुंदर होते. हे पण तूच बघशील? आणि आपल्या प्रयोगशाळेतल्या सहकारी आहेतच की."

त्या दिवसांत प्रयोगशाळेच्या टीम लीडची जागा रिकामी होणार होती. जुने टीम लीड निवृत्त होत होते आणि ती जागा मला हवी होती. मी हो म्हटलं. आणखीही एक गोष्ट होती, जी मी तेव्हा स्वतःशीसुद्धा बोलले नाही. या वेळी दाखवायचं होतं ते दुसऱ्या कुणाचं. माझं झाकलेलं तसंच झाकलेलं राहणार होतं, आणि तरी कौतुक माझ्या नावावर लागणार होतं.

मी तिच्याकडे गेले. ती टायमर लावून उभी होती.

"ते जांभळं पेय तू सगळ्यांसाठी करशील? कँटीनमध्ये. आणि पाच मिनिटं बोल त्याच्याबद्दल."

"ते सप्टेंबरचं नसतं," ती म्हणाली. "ते नोव्हेंबरचं. मेलेल्यांचं."

"माहितेय गं. पण महिना तोच ठरलाय. अमेरिकेतून."

"दुसरं काही करते. भाजलेला मका, बटाट्याची टिक्की, काहीही."

"ते कुणीही करेल. तुझ्या या गोष्टीत केवढी मोठी कहाणी आहे, लोकांना कळू दे की. आणि तुझी वरच्या श्रेणीची फाइल किती दिवस पडून आहे. विभागप्रमुखांच्या नजरेत येशील."

टायमर वाजला. तिनं आकडा लिहिला, झडप बंद केली. मग म्हणाली, "किती लोक?"

"साठेक."

"पीठ पुरणार नाही."

ते पीठ दुकानातलं नव्हतं. तिची मावशी गावी घरचा मका दळून द्यायची आणि वर्षातून एकदा कुणीतरी ओळखीचं माणूस बॅगेतून ते घेऊन यायचं. दीडेक किलो. हे मला पक्कं माहीत होतं. तिनंच कधीतरी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "जरा पातळ कर ना. कुणाला कळणार आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "बरं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

ती आनंदानं तयार झाली, असं मी पुढचे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. तिनं भाषण लिहिलं, जर्मनमध्ये, दोन पानं, शाळकरी मुलीसारखं एका ओळीत एक वाक्य. ते मीच तपासून दिलं. त्यात आई होती, कबरस्तानात पसरलेली चादर होती, लहानपणी पावाच्या बाळाचं डोकं खायला भाऊ कसा भांडायचा ते होतं. शेवटी एक ओळ वडिलांवर होती. मी तिथे फक्त व्याकरण सुधारलं. ओळ वाचली, क्रियापद जागेवर नेलं आणि पुढे गेले.

सजावटीचं काम माझ्याकडे होतं. ते मी एका सकाळी ट्रेनमध्ये फोनवरून उरकलं. 'मेक्सिकन फिएस्टा, साठ लोकांसाठी' असा संच होता. चित्रात निवडुंग होते, मोठमोठ्या काठांच्या हॅट होत्या, काडीवर लावलेल्या काळ्या मिश्या होत्या. इक्वेडोर आणि मेक्सिको यांत समुद्राएवढं अंतर आहे हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. माझं स्टेशन आलं होतं. मी बटण दाबलं.

कार्यक्रम गुरुवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत होता. ती सकाळी लवकर आली, नवऱ्याच्या गाडीतून दोन मोठी पातेली, दुपट्यात गुंडाळल्यासारखी ओळीनं ठेवलेली पावाची बाळं घेऊन. अंगात आईचा पांढरा ब्लाउज होता, गळ्याभोवती निळ्या-लाल कशिद्याची फुलं. मी तिला त्या ब्लाउजमध्ये कधी पाहिलं नव्हतं. कँटीनच्या दारात ती थबकली. भिंतीवर फुग्यांचे निवडुंग होते आणि तिच्या टेबलावर हॅटचा ढीग.

"हे काय?"

"अगं, नुसती सजावट आहे."

तिनं हॅट उचलून खिडकीत ठेवल्या आणि पातेली मांडली. अजून काहीच बिघडलं नव्हतं. हॅट पिशवीत घालून मागे ठेवायला मला एक मिनिट लागलं असतं.

विभागप्रमुखांचा अमेरिकेशी कॉल लांबला. ते वीस मिनिटं उशिरा आले, तोवर लोक नाचोज खाऊन कंटाळले होते आणि सुट्टी संपत आली होती. मी तिच्या कानाशी लागले. "दोन मिनिटांत आटप हं. वेळ नाहीये."

तिनं कागद उघडला. पहिलं वाक्य वाचलं, गावाचं नाव असलेलं. दुसरं वाचलं. मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं, दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीवर. ती थांबली, कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "कृपया घ्या. गरम आहे." टाळ्या वाजल्या. कुणीतरी संगीत लावलं.

लोकांनी ते पेय प्यायलं. काहींना खरंच आवडलं. पावाच्या बाळांची डोकी दातात धरून फोटो काढले गेले. "आधी डोकं की आधी पाय?" अशी गंमत झाली. मग खिडकीतल्या हॅट कुणाच्या तरी हाती लागल्या आणि एकजण ओरडला, "ग्रुप फोटो!" मला मधे ओढलं. माझ्या डोक्यावर हॅट आली, हातात काडीची मिशी. मी ती ओठांवर धरली आणि हसले. कॅमेऱ्याच्या पलीकडे ती पातेल्यापाशी डाव घेऊन उभी होती. तिनं पाहिलं. मला दिसलं की ती पाहतेय. तरी मी मिशी खाली घेतली नाही. फोटो अजून काढायचा होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अंतर्गत पानावर तो फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'आमची मेक्सिकन पार्टी'. तिचं नाव कुठेच नव्हतं. माझं होतं, आयोजक म्हणून. मी तो फोटो संध्याकाळी घरी नवऱ्याला दाखवत होते, तेवढ्यात आमची आठ वर्षांची लेक वाकून बघायला लागली. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं.

"मामा, वारुम हास्ट दू आइनेन श्नुरबार्ट?" आई, तुला मिशी का आहे?

"गंमत होती ती," मी म्हटलं.

"कसली?"

मी फोन उलटा ठेवला आणि तिला हात धुवायला पाठवलं.

प्रयोगशाळेत ती काही बोलली नाही. काम तेच, शांतपणा तोच. मला वाटलं, मिटलं. ऑक्टोबरमध्ये टीम लीडच्या जागेची मुलाखत झाली, बरी झाली. मुलाखतीत त्या कार्यक्रमाचा कौतुकानं उल्लेख झाला आणि मी "थँक यू" म्हटलं.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला नेहमीच्या वेळी मी पँट्रीत जाऊन बसले. दोन कप धुऊन ठेवले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मग मी प्रयोगशाळेत गेले. ती झडपेवर हात ठेवून घड्याळाकडे बघत होती.

मी हसत म्हटलं, "काय गं, आज माझा कप कुठाय?"

"पीठ संपलं," ती म्हणाली. "सप्टेंबरमध्ये."

मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, तशाच सपाट आवाजात, "पातळ केलं नव्हतं मी. पातळ करून कुणाला देत नाहीत. सगळं घातलं. वडिलांचं पहिलं वर्ष होतं. त्यांच्यासाठी काही उरलं नाही."

टायमर वाजला. तिनं आकडा लिहिला.

मी तिथेच उभी राहिले. वसंतात मारलेली मिठी आठवली. तिच्या कागदातली शेवटची ओळ आठवली, जिच्यातलं क्रियापद मी जागेवर नेलं होतं. "मला... माझ्या लक्षातच..." असं काहीतरी मी म्हणाले.

"तुम्हाला अजून काही हवंय?" तिनं विचारलं.

तुम्ही. पाच वर्षं ती मला 'दू' म्हणत होती आणि आता 'झी' म्हणाली. जर्मनमध्ये लोक तुम्हीवरून तूवर येतात. तूवरून परत तुम्हीवर जाणं मी त्याआधी ऐकलंही नव्हतं. मराठी बाईला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी म्हटलं, "नाही," आणि बाहेर पडले.

त्या शनिवारी मी फ्रांकफुर्टला गेले. स्टेशनजवळ दक्षिण अमेरिकेच्या वस्तूंचं एक दुकान आहे. तिथे जांभळ्या मक्याचं पीठ मिळालं, चकचकीत पाकिटात. दोन किलो घेतलं. सोमवारी सकाळी ते तिच्या टेबलावर ठेवलं. तिनं पाकीट फिरवून मागचा मजकूर वाचला.

"पेरूचं आहे," ती म्हणाली. "कारखान्यातलं."

"माहितेय. तरी... उशीर झाला असला तरी..."

"प्रयोगशाळेत खाण्याची वस्तू ठेवता येत नाही," ती म्हणाली. "नियम तुम्हीच लिहिलाय."

खरंच मी लिहिला होता. सही माझी होती. मी पाकीट उचललं आणि बॅगेत घालून घरी आणलं. डब्यात भरून ठेवलं. पुढे त्याला किडे झाले तेव्हा फेकून दिलं.

रविवारी आईला फोन केला तेव्हा मी सगळं सांगितलं. माझ्या आवाजावरून आईला आधी वाटलं होतं की मी ऑफिसात काही भांडण करून बसले.

"अगं, म्हणजे तिच्या वडिलांचं पहिलं वर्ष होतं," ती म्हणाली, "आणि तू डोक्यावर टोपी घालून मिशी लावून उभी होतीस?"

"हो."

"अप्पांच्या वेळी तुझं काम तिनंच केलं होतं ना?"

"हो गं आई."

मग आई म्हणाली, "आपल्या माणसांना कुणी असं केलं असतं, तर तू काय म्हटली असतीस?" आणि तिनं विषय बदलला, मावसभावाच्या लग्नाचं काहीतरी. आईनं ओरडायला हवं होतं असं मला वाटलं. ओरडली असती तर मी निदान स्वतःची बाजू मांडली असती.

दुसऱ्या दिवशी अंतर्गत पान सांभाळणाऱ्या बाईंना लिहून मी तो फोटो काढायला सांगितलं. दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, 'काढला'. कारण कुणी विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते.

जानेवारीत मला टीम लीडची जागा मिळाली. म्हणजे आता मी तिची वरिष्ठ झाले. फेब्रुवारीत अप्रेझलच्या बैठका होत्या. ती माझ्यासमोर खुर्चीत बसली, वही मांडीवर घेऊन. मी दार लावलं आणि कागद उघडायच्या आधीच बोलायला लागले. मी म्हटलं, मी तुझा विश्वासघात केला, जाणूनबुजून नाही पण डोळे उघडे ठेवून केला, मला त्याची लाज वाटते. मी बरंच पाठ करून आले होते. ती ऐकत राहिली.

"ही कामाची बैठक आहे ना?" शेवटी ती म्हणाली.

"हो, पण मला आधी हे..."

"तुम्ही आता माझ्या वरिष्ठ आहात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी आत्ता म्हटलं की माफ केलं, तर ते खरं आहे की नाही हे तुम्हाला कसं कळणार? आणि मी म्हटलं, नाही केलं, तर मला कसं कळणार की पुढे त्याचं काय होईल? हे तुम्ही नोव्हेंबरमध्ये म्हणायला हवं होतं. तेव्हा तुम्ही पीठ आणलंत."

मी कागद उघडला. तिच्या वरच्या श्रेणीची फाइल आता माझ्याकडे होती. आठ वर्षांच्या नोंदी होत्या, चुकांचं प्रमाण प्रयोगशाळेत सर्वांत कमी, नव्या लोकांना शिकवण्याचं काम तिचंच. शिफारस दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. मी ती वाचून दाखवली आणि सही केली.

ती म्हणाली, "हे कामामुळे, की त्यामुळे?"

"कामामुळे," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि तिनंही सही केली.

मी खरं बोलले होते. तरी ती गेल्यावर मी बराच वेळ त्या सहीकडे बघत बसले. त्या जागी बसून मी तिला काहीही दिलं तरी त्याला त्या गोष्टीचा वास येणार होता, आणि तो वास मीच आणला होता.

पुढच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतून पुन्हा तोच ईमेल आला. विभागप्रमुखांनी विभागाच्या बैठकीच्या यादीत विषय घातला, 'गेल्या वर्षीसारखी पार्टी'. बैठकीच्या आदल्या दिवशी मी तिच्या टेबलापाशी गेले.

"उद्या मला तिथे गेल्या वर्षाबद्दल बोलायचंय," मी म्हटलं. "पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही." मीही तिला तुम्ही म्हणू लागले होते. तिनं जे अंतर ठेवलं होतं ते मी एकटीनं पुसणं बरं नव्हतं.

तिनं थोडा विचार केला. "माझं काही सांगू नका," ती म्हणाली. "वडिलांचंही नाही. तुमचं सांगा. हॅटचं तुमचं आहे."

दुसऱ्या दिवशी चौदाजण टेबलाभोवती होते, तीही होती. मी सांगितलं. संच मी कळत असताना मागवला होता. भाषण मी कापलं होतं. साहेबांच्या उशिराची भरपाई मी तिच्या वेळातून केली होती. सहकाऱ्याच्या दुखवट्याच्या सणाचा मी दुसऱ्याच देशाच्या नावानं तमाशा केला होता, आणि फोटोसाठी हसले होते. मग मी असंही म्हटलं की इतकी वर्षं मी इथे दिवाळी करत आले, पण माझ्या घरचा मोठा दिवस चौदा एप्रिल आहे, तो मी कुणाला दाखवला नाही कारण तो दाखवला की लोक मला काय समजतील याची मला भीती होती. आणि ज्या भीतीनं मी माझं झाकलं, ती दुसऱ्याचं उघडं पाडताना मला आडवी आली नाही.

विभागप्रमुखांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, "गेनाऊ... हो, म्हणजे, मला तेव्हा हे काही... सगळ्यांना किती मजा आली होती." मग ते स्वतःच थांबले आणि म्हणाले, "बरोबर आहे. करू नये." अकाउंट्समधल्या एका मुलीनं विचारलं की मग काहीच करायचं नाही का. तिनं, माझ्या जुन्या मैत्रिणीनं, तेव्हा तोंड उघडलं. "ज्याला करायचं असेल त्यानं करावं," ती म्हणाली. "त्याला हवं तेव्हा." बैठक पुढच्या विषयावर गेली, पार्किंगच्या.

ती बाहेर पडताना माझ्याकडे बघून हसली वगैरे काही नाही. ती वही घेऊन प्रयोगशाळेत गेली. मला हलकं वाटायला हवं होतं, तसंही वाटलं नाही. बोलताना माझा आवाज थोडा थरथरला होता आणि लोकांना त्याचंच कौतुक वाटलं होतं. दोघांनी नंतर येऊन "किती धीराचं बोललीस" असं सांगितलं. म्हणजे तिच्यावर झालेल्या गोष्टीतून पुन्हा एकदा मलाच काहीतरी मिळालं होतं. हे माझ्या ध्यानात ट्रेनमध्ये बसल्यावर आलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस माझ्या संगणकावर तिचा रजेचा अर्ज आला. दोन नोव्हेंबर, एक दिवस. कारणाचा रकाना रिकामा होता. इतक्या वर्षांत तिनं त्या दिवशी कधी रजा घेतली नव्हती. मावशीकडून पीठ आलं असेल का, ती कुठे जाणार, कुणाबरोबर बसणार, हे विचारायचा हक्क मी गमावला होता. मी अर्ज मंजूर केला.

त्या दिवशी तिच्या चाचण्या मी कुणाला दिल्या नाहीत, स्वतः केल्या. पाणी सोडलं, दाब बघितला, मिनिटं मोजली. बऱ्याच वर्षांनी ते काम हातात घेतलं होतं. दुपारपर्यंत पाठ दुखायला लागली आणि शेवटच्या फिल्टरपाशी आले तेव्हा बाहेर अंधारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, कोट अडकवला आणि वही उघडून माझ्या नोंदी वाचल्या, एकेका ओळीवर बोट ठेवून. मग वही माझ्यापुढे आणून ठेवली.

"दोन ठिकाणी दाब चुकीच्या रकान्यात लिहिलाय," ती म्हणाली. "सही करून दुरुस्त करा."

मी दुरुस्त केलं.